काळजी घेणे आणि काळजी करणे

मराठीतला 'काळजी' हा शब्द मोठा सोशिक आहे. दोन अगदी निराळी कामे तो बिचारा एकटा करीत असतो. आई मुलाची काळजी घेते आणि आई मुलाची काळजी करते. क्रियापद तेवढे बदलते, पण त्याबरोबर सारेच बदलून जाते. घेतलेली काळजी हातांची असते. ती पाणी उकळते, औषधाची वेळ पाहते, पांघरूण सारखे करते आणि काम आटोपले की निजायला जाते. केलेली काळजी मात्र निजत नाही. तिला हात नसतातच. डोळे तेवढे असतात आणि ते रात्रभर उघडे राहतात. व्यवहारात आपण दोहोंना एकच समजतो. इतकेच नव्हे, तर जो अधिक काळजी करतो त्याचे प्रेम अधिक, असाही आपला एक गोड समज असतो. हा समज कितपत खरा आहे, हे मला येथे तपासून पाहावयाचे आहे.

प्रश्न केवळ शब्दांचा असता तर तो व्याकरणाच्या तासाला सोडून दिला असता. पण गेल्या वर्षी तो माझ्या घरी चालत आला. माझा एक जुना विद्यार्थी, आता तिशी ओलांडलेला. इतवारीतल्या एका दुकानात हिशेब लिहितो. घरी बायको, तीन वर्षांची मुलगी आणि म्हातारी आई. चहा झाल्यावर तो उठला आणि आपला कप स्वतः विसळून, वर साबण लावून, वेगळा पालथा घालून आला. मी म्हटले, "अरे, राहू दे." तो म्हणाला, "नको बाई, धुतलेला बरा." मग हळूहळू सारे बाहेर आले. लग्नाआधी परगावी नोकरीला असताना त्याचा एका स्त्रीशी संबंध आला होता. अलीकडे कधीतरी त्याला अवघड जागी दोन-तीन फोड आले आणि आठवड्याभरात मावळले. इकडचे तिकडचे वाचून त्याने मनाशी ठरवून टाकले की हा हर्पीस. त्या दिवसापासून त्याचा टॉवेल वेगळा झाला, साबण वेगळा झाला, ताटवाटी वेगळी झाली. रोज सकाळी आरशापुढे उभे राहून ओठ न्याहाळायचे, अंग न्याहाळायचे. मुलगी धावत आली की हात मागे घ्यायचे. बायकोजवळ बसणे तर सुटलेच. डॉक्टर झाले, रक्त तपासून झाले, दुसरे डॉक्टर झाले. "काही नाही" असे कोणी म्हटले की ते समाधान दोन दिवस टिके; तिसऱ्या दिवशी आरसा पुन्हा बोलावीत असे. शेवटी तो म्हणाला, "मला माझं काही नाही जी बाई. पण माझ्यामुळं पोरीला काही झालं तर?"

असे वाक्य ऐकून कोणाचेही मन द्रवेल. माझेही द्रवले. तो गेल्यावर मात्र ते वाक्य माझ्या मनात घोळत राहिले, आणि जितके घोळले तितकी त्यात एक गाठ दिसू लागली. पण ती सोडवण्याआधी ज्या रोगाने हे सारे घडवले त्याच्याकडे जरा नीट पाहिले पाहिजे. भयाची परीक्षा करायची तर आधी भयाच्या कारणाचे माप घेतले पाहिजे.

रोगाचे नाव परके असले तरी घराणे आपल्या ओळखीचे आहे. 'हर्पीस' हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ सरपटणे. आपला 'सर्प' आणि हा शब्द एकाच मुळापासून फुटलेले आहेत. ग्रीकांना जे दिसले तेच आमच्या आजीलाही दिसले, म्हणून कमरेभोवती सरकत जाणाऱ्या फोडांच्या ओळीला तिने 'नागीण' म्हटले. नागीण हा या घराण्यातला एक रोग. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि म्हातारपणी किंवा अशक्तपणात पुन्हा जागा होतो, तो नागीण होऊन. तिच्याविषयी आपल्याकडे एक जुने भय आहे: नागिणीचे तोंड आणि शेपटी एकमेकांना मिळाली, वेढा पुरा झाला, की माणूस दगावतो. खरी गोष्ट अशी की नागीण एका मज्जातंतूच्या वाटेने चालते आणि तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो. त्यामुळे ती सहसा पाठीचा कणा ओलांडून पलीकडे जातच नाही. जो वेढा बहुधा पुरा व्हायचाच नाही, त्याच्या धास्तीने किती घरांनी रात्री जागून काढल्या असतील! आणि जी गोष्ट खरोखर जपायची, म्हणजे फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकून ठेवायचे आणि कांजिण्या न आलेल्या गरोदर बाईपासून, तान्ह्या मुलापासून दूर राहायचे, तिकडे मात्र गेरूचा लेप लावण्याच्या गडबडीत कोणाचे लक्ष गेले नसेल.

या घराण्यातली दुसरी दोन भावंडे म्हणजे ज्याला नुसते हर्पीस म्हणतात ते दोन विषाणू. एक बहुधा ओठावर येतो, दुसरा बहुधा कमरेखाली. पण दोघेही एकमेकांच्या घरी जातात. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक फोडांचा झुबका उठतो आणि म्हातारी माणसे म्हणतात, "अंगातला ताप बाहेर पडला." तोच हा पहिला भाऊ. तो कानाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर मुक्काम ठोकतो आणि ताप, जागरण, दगदग किंवा कडक ऊन लागले की वर येतो; मेमधल्या नागपूरच्या उन्हाविषयी मी वेगळे काय सांगावे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालासाठी केलेल्या अंदाजाप्रमाणे जगातल्या पन्नाशीच्या आतील दर तीन माणसांतील दोघांच्या, म्हणजे सुमारे ३७० कोटी माणसांच्या अंगात हा पहिला विषाणू होता. दुसऱ्याचे प्रमाण १५ ते ४९ वयाच्या माणसांत शेकडा तेरा. यांतल्या बहुतेकांना आपल्या अंगात काही आहे याचा पत्ताही नसतो. कित्येकांना तो लहानपणी एखाद्या आत्याच्या किंवा आजीच्या पाप्यातून मिळालेला असतो.

मग जपायचे ते काय? फोड ओले असताना कोणाचा मुका घेऊ नये, शरीरसंबंध ठेवू नये. फोडांना हात लागला तर तो धुवावा. डोळ्याला लावू नये. नवजात बालकाजवळ तोंड नेऊ नये, कारण पहिल्या काही आठवड्यांत हा रोग बाळाच्या जिवावर बेतू शकतो. येथे हयगय मुळीच नको. बाई गरोदर असेल तर डॉक्टरला स्पष्ट सांगावे. आणि जोडीदाराला अंधारात ठेवू नये. त्रास वारंवार होत असेल तर औषध आहे. असायक्लोव्हिर हे औषध घडवणाऱ्या संशोधकांमध्ये गर्ट्रूड एलियन ही बाई होती आणि तिला १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. टॉवेल, ताटवाटी, चहाचा कप, संडासाची बैठक यांतून हा रोग पसरण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. अंगाबाहेर, कोरड्या जागी हा विषाणू फार तग धरीत नाही.

ही यादी मी मुद्दाम दिली. ती किती आखूड आहे पाहा! पाच बोटांवर मोजता येईल एवढी. घ्यायची काळजी एवढीच, आणि ती घेतली की संपली. माझ्या विद्यार्थ्याच्या यादीला मात्र अंत नव्हता. विलक्षण गोष्ट अशी की त्याच्या त्या लांबलचक यादीत कप होता, साबण होता, टॉवेल होता. फक्त एक गोष्ट नव्हती. बायकोला सांगणे. ज्या गोष्टींचा उपयोग नव्हता त्या सगळ्या तो करीत होता आणि जी खरोखर करायला हवी होती ती तेवढी टाळीत होता. काळजी करणे हे काळजी घेण्याचे मोठे रूप नव्हे, तर पुष्कळदा तिची जागा बळकावून बसलेली दुसरीच कोणी असते, हे मला येथे प्रथम दिसले.

आता त्या वाक्यातली गाठ. "माझ्यामुळं पोरीला काही झालं तर?" या वाक्यातला जड शब्द कोणता? 'पोरीला' की 'माझ्यामुळं'? तीच मुलगी बालवाडीतून दर महिन्याला सर्दी-पडसे घेऊन येते, एकदा तर कावीळ घेऊन आली. तेव्हा या बापाने रजा काढली, औषधपाणी केले, आणि रात्री तो झोपलासुद्धा. म्हणजे मुलगी आजारी पडण्याचे भय त्याला सोसवत होते. सोसवत नव्हते ते आपण कारण ठरण्याचे भय. त्याला मुलीचे आरोग्य हवे होते यात शंका नाही. पण त्याहूनही अधिक त्याला आपले निर्दोषपण हवे होते.

हे मी त्याला हिणवण्यासाठी म्हणत नाही. आपल्या हातून कोणाचे वाईट होऊ नये ही इच्छा माणसाच्या चांगुलपणाचा पायाच आहे. जिला ही टोचणी नाही तिच्या हाती मी माझे मूल देणार नाही. पण पायाच घरभर पसरला तर राहायचे कोठे? शिवाय त्याच्या भयामागे आणखी एक जण दडलेला होता. लग्नाआधीच्या त्या संबंधाला तो मनात पाप मानीत होता आणि त्या पापाची शिक्षा येणार याची वर्षानुवर्षे वाट पाहत होता. फोड आले तेव्हा त्याला वाटले, आला निकाल. पण रोग हा न्यायाधीश नव्हे. विषाणूला लग्न कळत नाही आणि पापही कळत नाही. तोच पाहुणा आजीच्या पाप्यातून आला तर आपण "ताप बाहेर पडला" म्हणून हसतो आणि दुसऱ्या वाटेने आला तर तोंड लपवतो. लाज वाटेची असते. रोगाला ती आपण चिकटवतो.

कारण ठरण्याचे भय माणसाला कोठवर नेते याचे एक दारुण उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस या डॉक्टराच्या ध्यानात आले की बाळंतिणींना मारणारा ज्वर डॉक्टरांच्याच हातांवरून त्यांच्यापर्यंत जातो. प्रेते चिरलेले हात घेऊन ते बाळंतिणी तपासीत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याचा नियम केला आणि मरणे झपाट्याने उतरली. ही बातमी जर्मनीत कील या गावी मिखाएलिस नावाच्या नामांकित प्रसूतितज्ज्ञाला कळली. त्याची स्वतःची चुलतबहीण काही काळापूर्वी त्याच ज्वराने गेली होती आणि तिला त्यानेच तपासले होते. त्याने आपल्या इस्पितळात हात धुणे सुरू केले, म्हणजे पुढची काळजी घेतली. पण मागची काळजी त्याला सोडीना. १८४८ साली त्याने आगगाडीखाली जीव दिला. किती बाळंतिणींना त्याचे धुतलेले हात उपयोगी पडले असते! जे कोणालाच ठाऊक नव्हते ते मला ठाऊक असायला हवे होते, असा त्याने स्वतःवर आरोप ठेवला; आणि एवढा आरोप तर देवावरच ठेवता येईल. माणसाची जबाबदारी त्याच्या ज्ञानाबरोबर सुरू होते. कळण्यापूर्वी जे घडले ते दुःख असेल, दोष नव्हे. कळल्यावर करण्याजोगे केले नाही, तर तो दोष. आणि करण्याजोगे सारे करूनही जे उरते ते पुन्हा दोष नव्हे. तो माणसामाणसांत राहण्याचा कर आहे.

हे शेवटचे उरते, ते फार अवघड असते. हर्पीससुद्धा अंगावर एकही फोड नसताना कधीकधी दुसऱ्याला जातो, हे लपवून काय उपयोग? सारे नियम पाळूनही धोका शून्य होत नाही. मग उरलेल्या धोक्याचे करायचे काय? आमच्या विदर्भाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले आहे; रोग तेवढा दुसरा होता, आणि कितीतरी भयंकर. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामला आजही 'परचुरे कुटी' उभी आहे. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित. स्वातंत्र्याच्या लढ्यात येरवड्याच्या तुरुंगात राहिलेले. त्यांना महारोग झाला होता. १९३९ साली ते सेवाग्रामला आले तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. गांधीजींनी त्यांच्यासाठी आश्रमातच वेगळी झोपडी बांधवून दिली आणि रोज स्वतः जाऊन त्यांच्या अंगाला मालीश केले. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. झोपडी वेगळी होती, कारण आश्रमात इतर माणसे होती, मुलेबाळे होती. आणि हात त्यांच्या अंगावर होता, कारण ते माणूस होते. झोपडी ही घेतलेली काळजी. तिने आपले काम केले म्हणूनच हाताला आपले काम करता आले. आपल्या विद्यार्थ्याने झोपडीच तेवढी बांधली, आणि तीही स्वतःसाठी. हात त्याने मागे घेतला.

बाबा आमट्यांची गोष्ट आपल्याला अधिक ओळखीची आहे, पण तिच्यातला एक धागा आपण सहसा उचलत नाही. वरोऱ्याला पावसात पडलेला तुळशीराम पाहून हा धाडसी वकील आधी पळाला, मग परत फिरला आणि त्याने त्याची शुश्रूषा केली, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण परत फिरल्यावर बाबा केवळ धैर्यावर विसंबले नाहीत. ते कलकत्त्याला जाऊन या रोगाचे शास्त्र शिकले; प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात त्याचे जंतू टोचून घेतले, ते रुजले नाहीत. मग १९५१ साली त्यांनी आनंदवनात बिऱ्हाड केले तेव्हा बरोबर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, आणि साधनाताई व दोन चिमुकली मुले होती. स्वतःचा जीव धोक्यात घालणे सोपे असते. त्याला लोक शौर्य म्हणतात. आपल्या मुलांना बरोबर नेणे ही गोष्ट निराळी. ज्याला रोग कसा पसरतो, कोणाला होतो, हे शिकून घेता आले, त्यालाच ती करता आली. शंभरातील पंच्याण्णव माणसांना निसर्गतःच या रोगाची बाधा होत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. आणि साधनाताईंना कोणी न विचारता तेथे नेले नव्हते. तो धोका दोघांनी मिळून उचललेला होता.

खऱ्या सावधपणाची पारख मला येथे सापडते. सावधपणा प्रश्न विचारतो: कसे पसरते? किती दिवस? कोणाला जपायचे? उत्तर मिळाले की तो त्याप्रमाणे वागतो आणि थांबतो. ज्या भयाला प्रश्न विचारायचेच नसतात, त्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: विटाळ. विटाळ कशाने होतो, किती दिवस राहतो, याला पुरावा लागत नाही. म्हणून तो कधी संपतही नाही. माणसाच्या सावलीपर्यंत जाऊन पोहोचलेले हे भय शतकानुशतके शुचितेच्या नावाखाली वावरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी ते नाकारले. जो विटाळ समाजाने दुसऱ्यावर लादला तो अन्याय होता. माणूस तोच विटाळ स्वतःवर लादून घेतो आणि त्याला प्रेम म्हणतो, तेव्हा तोही अन्यायच असतो, आणि तो त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. तीन वर्षांच्या मुलीला विषाणू कळत नाहीत. बाबा हात मागे घेतात, एवढेच तिला कळते. जो संसर्ग कदाचित कधीच झाला नसता तो टाळता टाळता बापाने तिला परकेपणाचा संसर्ग दिला, आणि यात 'कदाचित' नाही.

मी त्याला एवढेच सांगितले की एका चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे एकदाच जा, सारे सांग, आणि तो म्हणेल ते बायकोलाही सांग. तो म्हणाला, "ती काय म्हणेल?" ते मला ठाऊक नव्हते आणि त्यालाही नव्हते, पण म्हणण्याचा हक्क तिचा होता. आपल्या माणसाला धोका पोहोचू नये म्हणून आपण मुकाट्याने एकट्याने निर्णय घेतो, तेव्हा त्याचे रक्षण करतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्याचा वाटा बळकावतो. त्याने सांगितले. आठ दिवस ती बोलली नाही. मग तिने विचारले म्हणे, की मागच्या गोष्टीचे एक वेळ राहू द्या, पण गेले सहा महिने मी कशात चुकले असा विचार करीत रात्री काढल्या त्याचे काय? त्याच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे दोघे मिळून डॉक्टरकडे गेले. ते फोड हर्पीसचे होते की साधे, हे इतक्या दिवसांनी नक्की सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. पुन्हा आले तर ओले असतानाच या. एवढ्या अनिश्चितीवर ते आज संसार करीत आहेत. सगळेच करतात, त्यांना ते कळले आहे, इतकाच फरक.

अनिश्चिती हा रोग नाही, त्यामुळे तिच्यावर औषधही नाही. आपण ज्याला जवळ घेतो त्याला आपल्यापासून काही ना काही लागणारच: आपला ताप, आपला स्वभाव, आपल्या घराण्यातले मधुमेह आणि हट्ट. मुळीच काही लागू नये असे वाटत असेल तर कोणाचे आपण असू नये, हा एकच उपाय. तो उपाय ज्यांनी केला त्यांची घरे मी पाहिली आहेत. ती फार स्वच्छ असतात. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नरकचतुर्दशीची पहाट जवळ आलेली असेल. घरोघरी कोणीतरी कोणाच्या तरी अंगाला तेल लावील, उटणे लावील. ज्याला फोड असतील त्याने ते झाकावे, तान्ह्या बाळाला दुरून ओवाळावे, हात स्वच्छ धुवावे. एवढे झाले की ते हात तेलाच्या वाटीत बुडवावे. हात धुवायचे असतात ते पुढे करण्यासाठीच.